कुंडीतल्या मिरचीला खालून पाणी: कधी ठेवायचं, कधी उचलायचं

मिरचीच्या कुंडीत मगभर पाणी घालावं, दोन सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर यावं आणि झाड पोटभर प्यालं असं समजून आपण पुढच्या कुंडीकडे वळावं, हे रोजचंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर पानं मलूल. अशी एक कुंडी मी आडवी करून झाड मुळांच्या गोळ्यासकट हातावर घेतलं होतं. गोळ्याची बाहेरची बाजू ओली होती. मधे बोट खुपसलं तर आत नुसता भुगा, कोरडाठाक. माती सुकून आक्रसली होती, कुंडीच्या कडेने बारीकशी फट पडली होती आणि रोज घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जात होतं. झाड पाण्याशेजारी उभं राहून तहानलेलं होतं.

त्या दिवसापासून मी कुंड्यांना खालून पाणी द्यायला लागले. कुंडी पाण्यात ठेवायची, मातीला तिच्या गतीने पाणी ओढू द्यायचं आणि मग कुंडी उचलून निथळत ठेवायची, एवढीच ही रीत. करायला सोपी आहे, पण तिच्यात चुकण्याच्या जागा आहेत आणि त्या चुका झाडाच्या जिवावर बेततात. म्हणून हे सगळं जरा सविस्तर.

पाणी वर चढतं कसं

दिव्याची वात जसं तेल ओढते, तसेच मातीच्या कणांमधले बारीक मार्ग पाणी वर ओढतात. यालाच केशाकर्षण म्हणतात. पोकळी जितकी बारीक, तितकं पाणी जास्त उंच चढतं, पण चढायला वेळही जास्त लागतो. मोठ्या पोकळ्यांत पाणी फारसं चढत नाही, तिथे हवा राहते.

ही हवा फार मोलाची आहे. शेतीत ‘वाफसा’ म्हणतात ती स्थिती हीच: बारीक पोकळ्यांत पाणी, मोठ्या पोकळ्यांत हवा. मुळं पाणी पितात तशी श्वासही घेतात, आणि प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्यापेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांच्या अक्षरशः नाकातोंडात पाणी जातं. खालून पाणी देताना आपल्याला साधायचा असतो तो वाफसा. त्यामुळे कुंडी पाण्यात ठेवणं हे निम्मंच काम झालं. ती वेळेवर उचलणं हे उरलेलं निम्मं काम, आणि बहुतेक जण चुकतात ते तिथेच.

एक छोटा प्रयोग नक्की करून बघा. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि हातावर आडवा धरा. पाणी गळून गळून थांबेल. आता न पिळता तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. प्रत्येक कुंडीच्या तळाशी असाच एक चिंब थर राहतो, भोकं असली तरीही. त्याची उंची कुंडीच्या आकारावर नव्हे, आत भरलेल्या मिश्रणावर ठरते. मिश्रण चिकट आणि बारीक असेल तर हा थर जाड. त्यामुळे उथळ कुंडीत तो जास्त भोवतो, उंच कुंडीत मुळांना वर कोरडी जागा मिळते.

कुंडी आणि मिश्रण

तळाला भोकं हवीत, एकापेक्षा जास्त असतील तर उत्तम. काही कुंड्यांचा तळ मधे वर उचललेला असतो, काहींची भोकं तळाऐवजी बाजूला असतात. अशा वेळी टबातल्या पाण्याची पातळी भोकाच्या वर, थेट मातीला टेकेल इतकी ठेवावी लागते. नाहीतर तासभर कुंडी पाण्यात बसेल आणि थेंबही पिणार नाही.

तळाशी खडे, विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालायची सवय असेल तर ती इथे सोडून द्या. खड्यांमधून पाणी वर चढत नाही, त्यामुळे माती आणि पाणी यांची गाठच पडत नाही. निचऱ्यालाही खड्यांचा उपयोग होत नाही, उलट तो चिंब थर खड्यांच्या वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर बारीक जाळीचा तुकडा पुरतो.

नुसती बागेतली माती कुंडीत भरू नका. ती दाबली जाऊन घट्ट बसते आणि एकदा भिजली की दिवसेंदिवस सुकत नाही. मी साधारण दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके खनिज दाणे) घेते. पर्लाइट नसेल तर जाडी, धुतलेली वाळू चालते, फक्त कुंडी जड होते. कोकोपीटमध्ये मुळातच क्षार असू शकतात, म्हणून धुतलेलं म्हणून विकलेलं नसेल तर दोन-तीन पाण्यांतून काढून, पिळून मगच वापरा. कुंडी भरताना मिश्रण आधी ओलसर करून घ्या. कोरडं भरून खालून भिजवायला गेलात तर जागोजागी कोरडी ढेकळं राहतात.

मातीची कुंडी असेल तर तिच्या भिंतीही पाणी पितात. नवी कुंडी वापरण्याआधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर रोपाच्या वाट्याचं पाणी तीच पिऊन टाकेल.

पाणी कधी द्यायचं: वजन हाच मापदंड

‘बोट घालून बघा, वरची माती कोरडी असेल तर पाणी द्या’ हा सल्ला वरून पाणी देणाऱ्यांसाठी ठीक आहे. खालून पाणी देताना तो पार फसवतो. इथे वरचे दोन-तीन सेंटिमीटर जवळजवळ नेहमीच कोरडे दिसणार, आणि खाली मुळांपाशी भरपूर ओल असणार. वरून बघून पाणी देत राहिलात तर झाड बुडालंच म्हणून समजा.

त्यापेक्षा कुंडी उचला. पाणी देऊन, पूर्ण निथळल्यावर एकदा उचलून ते वजन हाताला ओळखीचं करून घ्या. मग दोन-तीन दिवस रोज उचला. एक दिवस ती एकदम हलकी लागेल, पानं मात्र अजून ताठ असतील. तीच पाणी द्यायची वेळ. सुरुवातीला हाताचा भरवसा वाटत नसेल तर काट्यावर मोजा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे हिशेब सरळ आहे. समजा निथळल्यावर कुंडी ४.२ किलो भरली आणि आज ३.१ किलो आहे, तर १.१ लिटर पाणी गेलं. मी हे दोन्ही आकडे चिकटपट्टीवर लिहून कुंडीला लावते. झाड वाढलं की त्याचं स्वतःचं वजनही वाढतं, म्हणून महिन्याभराने आकडे नव्याने घ्या.

मोठी कुंडी उचलणं शक्य नसेल तर लाकडाची पातळ काडी कडेने तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढा. कुठपर्यंत ती ओली झाली आहे, माती कुठपर्यंत चिकटली आहे, यावरून आतली ओल कळते.

मिरचीच्या बाबतीत आणखी एक. तिला दोन पाण्यांमध्ये थोडी उसंत आवडते. सतत ओल्या मातीत ती रुसते: पानं पिवळी पडतात, फुलं गळतात, कधी पानांच्या पाठीवर बारीक फोड येतात. पण उसंत म्हणजे उपास नव्हे. झाडाने मान टाकेपर्यंत थांबायचं नाही.

प्रत्यक्ष कृती

कुंडी सहज मावेल असा टब, घमेलं किंवा खोल ट्रे घ्या. पाणी गार नको, आसपासच्या हवेइतकंच कोमट-साधं असू द्या. पातळी कुंडीच्या उंचीच्या पाव ते एक तृतीयांश. सीडलिंग ट्रेसाठी, म्हणजे रोपं तयार करायच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेसाठी, एक-दोन सेंटिमीटर बस्स झालं. हलक्या मिश्रणाची कुंडी जास्त पाण्यात ठेवली तर ती तरंगते आणि कलंडते, म्हणून आधी कुंडी ठेवून मग टबात पाणी ओतणं बरं.

कुंडी ठेवल्यावर हाताने हलकेच खाली दाबा, म्हणजे भोकाशी अडकलेली हवा निघून जाईल. बारीक बुडबुडे आले की पाणी मातीला भिडलं असं समजा. मग थांबायचं. सीडलिंग ट्रेला दहा-पंधरा मिनिटं, पंधरा सेंटिमीटरच्या कुंडीला वीस-तीस मिनिटं, पंचवीस-तीस सेंटिमीटरच्या कुंडीला पाऊण ते एक तास, असा माझा अंदाज. मिश्रण किती कोरडं आहे यावर तो बराच मागेपुढे होतो. टबातलं पाणी मधेच संपलं तर आणखी घाला, कुंडी अजून पीत असते.

नुकत्याच पेरलेल्या किंवा कोवळ्या रोपांच्या बाबतीत वरचा थर भिजेपर्यंत थांबा, कारण त्यांची मुळं वरच असतात. हे बघायला मला फार आवडतं. फिकट तपकिरी पृष्ठभागावर आधी एका कोपऱ्यात गडद ठिपका उमटतो, मग शेजारी दुसरा, आणि हळूहळू ते एकमेकांत मिसळून सगळा कप्पा काळसर होतो. एकही बी जागचं हललेलं नसतं. मिरचीचं बी उथळ पेरलेलं असतं आणि उगवायला बराच वेळ घेतं. वरून पाण्याची धार पडली की ते वाहून कोपऱ्यात जमतं, म्हणून निदान या टप्प्यावर तरी खालूनच पाणी द्या.

मोठ्या झाडाला मात्र पृष्ठभाग ओला होईपर्यंत थांबण्याची गरज नाही. वरची दोन सेंटिमीटर माती बोटाने उकरा. खाली ओल लागली की काम झालं, कुंडी उचला.

आता निथळवणं. कुंडी दोन काठ्यांवर किंवा जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. शेवटी तिला एका बाजूला तिरपी करून धरा. स्पंज उभा केल्यावर झालं तसंच इथेही होतं: बंद पडलेली गळती पुन्हा सुरू होते आणि तळाचं नको असलेलं पाणी निघून जातं. हा तिरपं करण्याचा एक मिनिट मी कधीच चुकवत नाही.

टबात उरलेलं पाणी दुसऱ्या कुंड्यांना वापरू नका. मुळं कुजवणाऱ्या काही बुरशीसारख्या रोगांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. एका टबात सहा कुंड्या ठेवल्या आणि त्यातली एक आजारी असली तर ती इतर पाचांना प्रसाद देते. झाड जरा जरी संशयास्पद वाटलं तरी त्याचा टब वेगळा.

रात्रभर राहिलेल्या कुंड्या

हे मी स्वतः भोगलं आहे. आठ मिरच्या संध्याकाळी टबात ठेवल्या आणि दुसऱ्या कामात अडकले. उचलल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. तेव्हा झाडं टवटवीत दिसत होती, म्हणून निथळवण्याकडेही दुर्लक्ष केलं. चार-पाच दिवसांनी पानं लोंबायला लागली. तहान लागली असेल असं वाटून पुन्हा पाणी दिलं. आठवड्याने एक झाड उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, बुळबुळीत झालेली, आणि वास गटाराचा. चांगल्या मुळांचा रंग पांढरट असतो आणि ओल्या मातीसारखा वास येतो. आठातली तीन झाडं गेली.

मुळं कुजलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, कारण पाणी ओढायला मुळंच शिल्लक नसतात. म्हणून मलूल झाड दिसलं की पाण्याचा मग हातात घेण्याआधी कुंडी उचला. हलकी असेल तर तहान, जड असेल तर बुडणं. जड कुंडीला पाणी बंद करा, सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवा. शक्य असेल तर झाड गोळ्यासकट काढून कागदावर ठेवा म्हणजे जादा ओल शोषली जाईल, कुजलेली मुळं कापा आणि ताज्या मिश्रणात लावा. माझी उरलेली पाच झाडं अशीच वाचली. तेव्हापासून कुंडी टबात ठेवली की मोबाइलवर गजर लावते.

भर उन्हात दुपारी पानं थोडी लोंबली आणि संध्याकाळी आपोआप सावरली, तर ती निव्वळ उष्णता. तिथे पाण्याची घाई नको.

हलवता न येणाऱ्या मोठ्या कुंड्या

कुंडीखाली खोल ताटली ठेवून तिच्यात पाणी भरा. संपलं की पुन्हा भरा. पिणं मंदावलं, पाणी तसंच राहायला लागलं की थांबा, आणि तासाभरात उरलेलं पाणी स्पंजने टिपून काढा. तीस सेंटिमीटरपेक्षा खोल कुंडीत पाणी वरपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो, तोवर तळ चिंब होऊन बसतो. अशा कुंड्यांना मी मुख्य पाणी खालून देते आणि अधूनमधून वरून, सावकाश, झारीने.

ज्यांना रोज लक्ष देणं जमत नाही त्यांनी पाणीसाठ्याची कुंडी करावी. एकात एक बसणाऱ्या दोन बादल्या घ्या. वरच्या बादलीच्या तळाला बारीक भोकं पाडा आणि मधे एक मोठं भोक पाडून त्यातून जाळीदार डबा खाली लोंबता बसवा. त्या डब्यात मिश्रण घट्ट भरा, तोच वातीचं काम करतो. खालच्या बादलीत पाणी राहील. वरच्या बादलीचा तळ जिथे येतो त्याच्या थोडं खाली, बाहेरच्या बाजूला एक भोक पाडा. जादा पाणी तिथून वाहून जातं आणि पाणी व माती यांच्यामध्ये हवेची फट कायम राहते. हे भोक विसरलात तर झाड बुडणार. पाणी भरायला एक नळी वरून खालपर्यंत सोडा, तिचं खालचं टोक तिरकं कापा म्हणजे ते तळाला टेकून बंद होणार नाही. पहिलं पाणी वरून द्या, तरच वात चालू होते. डब्याऐवजी दोरीची वात करायची असेल तर नायलॉन किंवा पॉलिस्टरची घ्या, सुती दोरी कुजते.

टोमॅटो आणि काकडी या साठ्यावर खूश असतात. टोमॅटोला कधी कोरडं, कधी चिंब असं झालं की कॅल्शियम फळापर्यंत नीट पोहोचत नाही आणि फळाचं बूड काळं पडतं. मिरचीलाही हे होतं. पण मिरचीचा साठा संपल्यावर मी एखादा दिवस थांबून मगच भरते. पालेभाज्यांना उथळ ट्रे आणि खालचं पाणी छान मानवतं. गाजराचं बी मात्र उगवेपर्यंत वरूनही ओलं ठेवावं लागतं.

साठा असो की ताटली, उघडं पाणी आठवडाभर राहिलं की उबदार हवेत डासांची एक पिढी तयार होते. नळीच्या आणि भोकाच्या तोंडाला जाळी लावा, ताटल्या रिकाम्या करून घासा.

वरचा पांढरा थर

खालून चढलेलं पाणी वरून उडून जातं, त्यातले क्षार मात्र मागे राहतात. काही आठवड्यांनी पृष्ठभागावर आणि कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसायला लागतात. ही बुरशी असेलच असं नाही. नखाने खरवडली आणि ती खरखरीत, पिठूळ निघाली तर क्षार. त्यांनी पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. म्हणून दर चार ते सहा आठवड्यांनी एकदा वरून पाणी द्यायचंच. आधी वरची पुटं खरवडून टाका. मग कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट पाणी थोडं थोडं करून ओता आणि सगळं वाहून जाऊ द्या. खाली साचलेलं पाणी कुंडीला परत पिऊ देऊ नका, नाहीतर धुऊन काढलेले क्षार पुन्हा आत. ज्या पाण्यात मुळातच क्षार जास्त, तिथे हे धुणं लवकर लवकर करावं.

खताचंही याच्याशी नातं आहे. टबातल्या पाण्यात विरघळणारं खत घालायचं तर पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्मं घाला. दाणेदार खत वर पसरून ठेवलं तर ते कोरड्या मातीवर जसंच्या तसं पडून राहील, झाडाला मिळणारच नाही. ते कुंडी भरतानाच मिश्रणात मिसळा, किंवा पसरल्यावर तेवढ्यापुरतं वरून पाणी द्या.

वरचा थर कोरडा राहण्याचे फायदे मात्र खरे आहेत. मातीत अंडी घालणारी बारीक काळी चिलटं ओला पृष्ठभाग शोधतात, तो नसला की कमी होतात. कोवळी रोपं बुडाशी कुजून कोलमडतात तेही घटतं. वरून पाणी देताना मातीचे शिंतोडे पानांवर उडतात आणि टोमॅटोवरचा करपा, मिरचीवरचे जिवाणूजन्य ठिपके त्यांच्यासोबत पसरतात. खालून पाणी दिलं की हा मार्ग बंद होतो.

कुंड्या उघड्यावर असतील तर पाऊस लागल्यावर हे सगळं थांबवा आणि पहिल्यांदा कुंड्यांखालच्या ताटल्या काढून घ्या. एका रात्रीच्या पावसाने भरलेली ताटली म्हणजे न उचललेला टबच.